मदत हवी: एक्झिट इंटरव्ह्यूत गैरप्रकार कुणीच सांगत नाही

प्रश्न: शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, सुमारे ४०० कर्मचारी. नोकरी सोडणाऱ्याकडून भरून घेतो त्या एक्झिट फॉर्ममध्ये शेवटी 'काही अनैतिक आढळले का? हो/नाही' असं विचारतो. सगळे 'नाही'वर टिक करतात. पुरवठादारांचं कमिशन, खोटी प्रवासबिलं मात्र नंतर ऑडिटमध्ये निघतात. नेमकं काय बदलावं?

उत्तर १: वेळ चुकतेय. फॉर्म भरताना रिलीव्हिंग लेटर (कार्यमुक्तीचं पत्र) आणि फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) तुमच्याच हातात असतं, शिवाय पुढच्या कंपनीची पडताळणीही तुमच्याकडेच येणार. पाण्यातून बाहेर पडण्याआधी माशाशी वैर कोण घेईल?

नोटीस काळात साधं बोलणं ठेवा. खरा फोन हिशेब चुकता झाल्यावर ४ ते ६ आठवड्यांनी करा, आणि तो त्या विभागाच्या एचआरने नव्हे, इंटर्नल ऑडिटने. प्रश्न कामाबद्दलचे हवेत: 'तीन कोटेशनं खरंच तीन जणांकडून यायची का?' 'महिनाअखेरीला बिलाची तारीख बदलायला सांगायचे का?' दोषी कोण, हे विचारू नका. काय पाहिलं ते विचारा. बिल नंबर, तारीख तोंडी पुरे. फाइली मागवल्यात तर सांगणाऱ्यावरच डेटाचोरीचा ठपका येईल.

'नाव कळणार नाही' असं वचन तर देऊच नका. तिघांच्या टीममधून एक गेला की साहेबांना संध्याकाळपर्यंत कळतंच. माहिती कोण कोण वाचणार, तेवढं खरं सांगा.

उत्तर २: तक्रारीचं पोर्टल कंपनीच्या ईमेलवरच उघडतं का, ते आधी बघा. शेवटच्या दिवशी लॉगिन बंद, म्हणजे दारही बंद. कंपनी कायदा २०१३, कलम १७७ मधली व्हिजिल यंत्रणा (गैरप्रकार कळवण्याची सोय) 'संचालक व कर्मचारी' यांच्यासाठी आहे; माजी कर्मचाऱ्यांनाही १२ महिने ती खुली राहील, असं धोरणातच लिहा. ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांचा थेट पत्ताही रिलीव्हिंग लेटरसोबत द्या.

लैंगिक छळाची तक्रार मात्र अंतर्गत समितीकडेच जाते. मुदत शेवटच्या घटनेपासून ३ महिने, समितीने वाढवली तर आणखी ३. म्हणून समितीची ही माहिती नंतरच्या फोनसाठी राखून ठेवू नका, नोटीस काळातच हातात द्या.

प्रश्नकर्ता: आमच्याकडे हिशेबालाच ४५ दिवस लागतात.

उत्तर २: मग आधी ते दुरुस्त करा. वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं लागतं. ग्रॅच्युइटी वेगळी, तिला ३० दिवस.