अमेरिकन पीपीएलचं मेडिकल ऑगस्ट २०२१ चं, नेमकं संपतं कधी?

सोनेगाव_रनवे
१६ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

अमेरिकेचं प्रायव्हेट पायलट लायसन्स आहे. थर्ड क्लास मेडिकल (प्रायव्हेट पायलटला लागणारं तब्येतीचं सर्टिफिकेट) १९ ऑगस्ट २०२१ ला झालं. जन्म ऑक्टोबर १९८१, म्हणजे तपासणीच्या दिवशी वय ३९. आता मुक्काम नागपूर. डिसेंबरात तीन आठवडे टेक्सासला जातोय, तिथे भाड्याने सेस्ना १७२ हे छोटं विमान घेऊन उडायचं आहे.

सर्टिफिकेटवर संपण्याची तारीख कुठेच नाही. नेटवर चार उत्तरं सापडून राहिली: ऑगस्ट २०२३, ऑक्टोबर २०२३, ऑगस्ट २०२४ आणि ऑगस्ट २०२६. यातलं खरं कोणतं? आणि हेच मेडिकल दाखवून इथल्या भारतीय लायसन्सचं काम होतं का?

जुना_अल्टिमीटर
१६ नोव्हेंबर, रात्री १०:२५

३१ ऑगस्ट २०२६. डिसेंबरात बिनधास्त वैध.

अमेरिकेत एफएए (तिथली सरकारी विमान वाहतूक यंत्रणा) फक्त तपासणीच्या दिवशीचं वय बघते. त्या दिवशी ४० पूर्ण नसतील तर थर्ड क्लास ६० महिने, पूर्ण असतील तर २४ महिने. मोजणी तपासणीच्या महिन्यानंतरच्या महिन्यापासून, आणि शेवटच्या महिन्याचा अखेरचा दिवस धरायचा. मधे चाळिशी उलटली म्हणून हातातल्या मेडिकलची मुदत कमी होत नाही. सर्टिफिकेटवर फक्त तपासणीची तारीख असते, कारण एकाच कागदाची मुदत कोणत्या कामासाठी उडता त्यावर बदलते.

आता तुमच्या बाकीच्या तीन तारखा कुठून आल्या ते सांगतो, म्हणजे शंका उरणार नाही.

ऑगस्ट २०२३: कोणीतरी आजचं वय धरून २४ महिने मोजले. सरळ चूक.

ऑक्टोबर २०२३: हा युरोपचा नियम. तिथेही चाळिशीच्या आत ६० महिनेच मिळतात, पण ४० च्या आधी काढलेलं क्लास २ मेडिकल (तिथलं प्रायव्हेट पायलटचं) वयाची ४२ वर्षं पूर्ण झाली की संपतं. तुमची ४२ ऑक्टोबर २०२३ ला झाली. युरोपात पन्नाशीलाही अशीच मेख आहे: ५० च्या आधी काढलेलं ५१ पर्यंतच, आणि पुढे दर १२ महिन्यांनी.

ऑगस्ट २०२४: हा अमेरिकेचाच, पण जुना नियम. २४ जुलै २००८ च्या आधी चाळिशीखालच्यांना ३६ महिनेच मिळायचे. जुनी पानं नेटवरून कोणी काढत नाही, त्यामुळे तो आकडा अजून फिरतो.

एक मात्र बघा. सर्टिफिकेटवर मर्यादांचा एक रकाना असतो. त्यात ‘अमुक तारखेनंतर कोणत्याही क्लाससाठी वैध नाही’ असं छापलेलं असेल, तर वरचं सगळं गणित बाद आणि तीच तारीख खरी. विशेष परवानगीने मिळालेल्या मेडिकलवर हे असतं.

वैनगंगा_व्हीएफआर
१७ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

तारीख बरोबर सांगितली. पण नागपूरचा पत्ता असणाऱ्यांनी मेडिकलच्या आधी दुसरीच गोष्ट तपासायला हवी. एफएएच्या नोंदीत तुमचा पत्ता परदेशातला असेल आणि अमेरिकेतला एकही प्रत्यक्ष पत्ता नसेल, तर कागदपत्रं स्वीकारायला तिथला एक प्रतिनिधी नेमावा लागतो. नोंद यूएसएएस नावाच्या ऑनलाइन पोर्टलवर होते. जुन्या लायसन्सवाल्यांना हे ७ जुलै २०२५ पासून बंधनकारक आहे. ते केल्याशिवाय लायसन्स वापरता येत नाही, मेडिकल कितीही ताजं असो. नातेवाईक चालतो, पण वय १८ च्या वर हवं आणि अमेरिकेतला राहता पत्ता हवा, पोस्ट बॉक्स नाही.

नोंदीत अजून टेक्सासचाच पत्ता असेल तर तोही बदलायला हवा. कायमचा पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत कळवावं लागतं.

फ्लाइट रिव्ह्यूही, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतची उजळणी, विसरू नका. तो मेडिकलपासून पूर्ण वेगळा आहे. दर २४ महिन्यांनी, किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत. लोक मेडिकलच्या तारखेवर नजर ठेवतात आणि इथे अडकतात. सोबत कोणाला बसवणार असाल तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग हवीत. रिव्ह्यू उरकल्यावर त्याच विमानावर ती करून टाका.

सोनेगाव_रनवे
१७ नोव्हेंबर, दुपारी १:१५

प्रतिनिधीचं काहीच माहीत नव्हतं, आजच बसतो त्याला. ऑगस्ट २०२६ नंतर काय करू? बेसिकमेड नावाचं काहीतरी स्वस्त आहे म्हणतात.

जुना_अल्टिमीटर
१७ नोव्हेंबर, दुपारी २:०५

बेसिकमेड म्हणजे थर्ड क्लासऐवजी चालणारी सोपी पद्धत. तिला तुम्ही कागदावर बसता, कारण १४ जुलै २००६ नंतर कधीतरी एफएए मेडिकल असावं ही अट पूर्ण होते. कोर्स ऑनलाइन, दर २४ महिन्यांनी. डॉक्टरी तपासणी दर ४८ महिन्यांनी. विमान १२,५०० पौंडांपर्यंत, प्रवासी सहापर्यंत, १८,००० फुटांखाली, २५० नॉट्सच्या आत, आणि पैसे घेऊन उडायचं नाही. सेस्ना १७२ त्यात आरामात मावते.

घोडं दोन ठिकाणी पेंड खातं. एक, अमेरिकेतल्या राज्याचं चालू ड्रायव्हिंग लायसन्स लागतं. एमएच-३१ चं चालत नाही. दोन, तपासणी करणारा डॉक्टर अमेरिकेतल्या राज्याचा परवानाधारक हवा, म्हणजे धंतोलीतले फॅमिली डॉक्टर तुमचा फॉर्म भरू शकत नाहीत. शिवाय मागचा मेडिकलचा अर्ज नाकारला गेला असेल तर बेसिकमेडचं दार बंद.

नागपुरात राहणाऱ्याला थर्ड क्लासच सोपं पडतं. आता २४ महिनेच मिळतील. पुढे अमेरिकेत जाल तेव्हा तपासणी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घ्या. ३१ तारखेला घेतली काय नि १ ला घेतली काय, मुदत महिनाअखेरच धरतात, म्हणजे १ तारखेवाल्याला जवळजवळ महिनाभर फुकट मिळतो. मेडएक्सप्रेसवर (एफएएचं मेडिकलच्या अर्जाचं ऑनलाइन पोर्टल) अर्ज भरल्यापासून ६० दिवसांत तपासणी व्हायला हवी, नाहीतर अर्ज पुन्हा भरा. अर्जात मागच्या तीन वर्षांतल्या डॉक्टरांच्या भेटी विचारतात. तारखा आधीच वहीत काढून ठेवा, तिथे आठवत बसू नका.

बर्डी_ते_ब्लू_स्काय
१७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

मधेच विचारतो. भाचा २२ वर्षांचा, फ्लोरिडात शिकायला चालला. त्याला फर्स्ट क्लास मेडिकल (एअरलाइन पायलटला लागणारं) काढायला सांगितलंय. वर्षभराने ते संपलं तर ट्रेनिंग थांबते का?

वैनगंगा_व्हीएफआर
१७ नोव्हेंबर, रात्री ८:१०

नाही थांबत. चाळिशीच्या आत फर्स्ट क्लासचे अधिकार १२ महिने, त्यानंतर तोच कागद ६० व्या महिन्यापर्यंत थर्ड क्लास म्हणून चालतो. शिकाऊ सोलो (एकट्याने उडणं) आणि प्रायव्हेटला तेवढं पुरतं. इन्स्ट्रक्टरसोबत उडताना तर शिकणाऱ्याला मेडिकल लागतही नाही. तरी फर्स्ट क्लास आधी काढणं शहाणपणाचंच. पुढे एअरलाइनला जायचं असेल तर डोळ्यांत किंवा कानांत काही खोट आहे का, हे पैसे भरायच्या आधी कळलेलं बरं.

आणि सोनेगाव भाऊ, वैध कागद म्हणजे उडायला फिट असं नाही. सर्दीवर आपल्याकडे सहज घेतात ती सिट्रिझिन उडताना बाद आहे. डायफेनहायड्रामिनचं औषध घेतलं तर शेवटच्या डोसनंतर ६० तास थांबा. फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिन चालतात, पण आधी जमिनीवर घेऊन झोप येत नाही ना ते बघा. नवीन आजार किंवा ऑपरेशन झालं तर बरं होईपर्यंत स्वतःहून थांबायचं, हा नियमच आहे. तपासणीत रक्तदाब १५५/९५ च्या वर गेला तर अडतं. नागपूरहून विमान बदलत पोचल्यावर दुसऱ्याच सकाळी तपासणी ठेवू नका, दोन दिवस झोप होऊ द्या.

मोरवा_टॅक्सीवे
१८ नोव्हेंबर, सकाळी ९:००

भारतीय लायसन्सचा प्रश्न राहिला. एफएएचं मेडिकल इथे चालत नाही. व्हीटी नोंदणीच्या, म्हणजे भारतात नोंदलेल्या विमानासाठी डीजीसीएचं (भारताची विमान वाहतूक यंत्रणा) लायसन्स आणि डीजीसीएचंच मेडिकल हवं. प्रायव्हेटसाठी क्लास २, तेही डीजीसीएच्या यादीतल्याच डॉक्टरकडून, आणि अर्ज ईजीसीए या डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर. इथल्या मेडिकलवर वैधतेची तारीख छापलेली असते. तीच धरायची, अमेरिकेचं महिनाअखेरचं गणित इथे लावू नका.

ईजीसीएवर प्रोफाइल बनवताना नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच टाका. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, हा घोळ घरोघरी आहे. अमेरिकन लायसन्सवर आणखी तिसराच क्रम असेल, तर तिन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.