अनुभव धागा: निवृत्तीनंतर संस्थेची धुरा खांद्यावर घेतलेल्या शिक्षकांनो, लिहा

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. वयाची ५८ पूर्ण, नोकरीची ३४. शाल-श्रीफळ झालं आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेचे दोन विश्वस्त घरी आले. संस्था वस्तीतल्या मुलांसाठी संध्याकाळच्या अभ्यासिका चालवते, उन्हाळ्यात वाचन शिबिरं घेते. "बाई, अध्यक्षपद घ्या. मानधन काही देता येणार नाही," म्हणाले. मी हो म्हटलं. वाटलं, मुलंच आहेत, शिकवायचंच तर आहे.

पहिल्या बैठकीत मुलांचा विषय निघालाच नाही. खोलीचं भाडं थकलेलं, शिकवणाऱ्या दोन ताई लग्न होऊन गेलेल्या, हिशेबनीस म्हणतात पावत्या सापडत नाहीत. रात्री घरी येऊन बराच वेळ नुसती बसून होते.

आपल्याकडे ही वाट नवी नाही. कोल्हापूरच्या लीलाताई पाटलांनी अध्यापक महाविद्यालयातल्या प्राचार्यपदाचा अनुभव गाठीशी घेऊन १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय उभं केलं. अर्थशास्त्र शिकवणारे प्राध्यापक रमेश पानसे १९८२ मध्ये बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या अनुताई वाघांबरोबर ग्राममंगल या शिक्षणसंस्थेच्या कामात उतरले. ही मोठी माणसं. पण साध्या शिक्षकाने चालत्या संस्थेची जबाबदारी घेतली की रोजच्या रोज काय वाट्याला येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून विनंती, ज्यांनी ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. पुरस्कार, सत्कार नकोत. पहिल्या वर्षात काय घडलं, तेच हवं आहे.

शिरूर कासार, जिल्हा बीड. निवृत्त मुख्याध्यापक

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे दिवाळी झाली की माणसं साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात, गाव रिकामं होतं. ट्रक, ट्रॅक्टर लागतात, संसार चढतो, शेळ्या चढतात. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, ते फेडायला नवरा-बायको दोघंही लागतात. दोघांचा मिळून एक कोयता, म्हणजे जोडी मिळून एक मजूर धरतात. लहान भावंडाला सांभाळायला अकरा-बारा वर्षांची मुलगी बरोबर नेतात. माणसं परततात ती एप्रिल-मेमध्ये, तोवर शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. नोकरीत असताना मी मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवलं, जाणाऱ्या मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्डं भरून दिली. पण कार्ड घेऊन मुलगी कारखान्याच्या तळावर गेली की तिथल्या शाळेत ती बसली की नाही, हे मला क्वचितच कळायचं. ती टोचणी होतीच. म्हणून निवृत्तीनंतर एका संस्थेने बोलावलं तेव्हा एकच ठरवून गेलो, मुलं गावातच राहिली पाहिजेत.

पहिल्या वर्षी मी चुकलो. आठ गावांतल्या स्वयंसेवकांना लेखी सूचना पाठवल्या. वेळापत्रक, अहवालाचा नमुना, दर शनिवारी माहिती. दोन महिन्यांत तिघांनी काम सोडलं. त्यातली एक मुलगी बारावी झालेली, तिच्या वर्गात सगळ्यात जास्त मुलं यायची. तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, "गुरुजी, मी पगारी नाही. तुमचे कागद चार आले, तुम्ही एकदा पण वर्गावर आला नाहीत." शाळेत माझ्या सहीला वजन होतं, कारण तिच्यामागे पगारपत्रक होतं. इथे सहीला काही अर्थ नव्हता. मी तिच्या आईसमोर तिची माफी मागितली. ती परत आली. आज आठही गावांचं काम तीच बघते आणि माझा दौरा तिला विचारून ठरतो.

दुसरी गोष्ट आज्यांची. मुलं मागे राहतात ती आजीजवळ. आम्ही मात्र आई-बापांना समजावत बसलो होतो. आजी "माझ्याच्यानं होत नाही" म्हणाली की पोरगी ट्रकात बसलीच. हे कळायला मला पूर्ण एक हंगाम लागला. आता सप्टेंबरपासूनच आज्यांच्या बैठका घेतो. आजी आजारी पडली तर लेकरू कुणाच्या घरी झोपेल, आईचा फोन कुणाच्या मोबाईलवर येईल, वाण्याची उधारी कोण भागवेल, हे एकेका घराचं बोलून ठेवतो. त्यानंतर मुली राहायला लागल्या. सगळ्या नाहीत. गेल्या हंगामात सातवीतली एक गेली आणि फेब्रुवारीत तिचं लग्न लागल्याचं कळलं. तिचं नाव आम्ही वहीतून काढलेलं नाही.

गोवंडी, मुंबई. महापालिका शाळेत २९ वर्षं गणित

आमची अभ्यासिका दहा बाय बाराच्या खोलीत भरते. मी आल्या आल्या सातवी-आठवीच्या मुलांसाठी बीजगणिताची तयारी सुरू केली होती. जुन्या ताईने अडवलं. म्हणाली, आधी एकेकाला जवळ बसवून वाचून घ्या. मुलांना कितपत वाचता येतं हे घरोघरी जाऊन बघणाऱ्या 'असर'च्या पाहणीत करतात तसं. अक्षर, शब्द, परिच्छेद, मग गोष्ट. 'प्रथम' संस्था ही पाहणी २००५ पासून करते आहे, अहवाल मी दरवर्षी वर्तमानपत्रात वाचायचे आणि आपल्या वर्गाचा त्याच्याशी काही संबंध नाही असं मानायचे. एकेकाला समोर बसवलं तेव्हा निम्म्याहून जास्त मुलं परिच्छेदावरच अडखळली. चक्रवाढ व्याजाचं उदाहरण त्यांना का येत नव्हतं, ते एका दुपारी कळलं. त्यांना प्रश्नच वाचता येत नव्हता. माझ्या २९ वर्षांत अशी किती मुलं 'गणितात कच्ची' म्हणून गेली असतील, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

वेळेचं एक सांगते. अभ्यासिका पाचला होती आणि मुली येत नव्हत्या. समितीत चर्चा अशी, की पालकांना मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व पटत नाही, पथनाट्य करू. कारण एवढंच होतं की नळाला पाणी पाचला यायचं. सातची वेळ केली तर अंधार पडतो म्हणून घरचे सोडेनात. शेवटी मुलींचा गट सकाळी आठला केला, दुपारच्या शाळेआधी. पथनाट्याचे पैसे वाचले, त्यात दोन पंखे आले.

सांगली. निवृत्त प्राध्यापक, आता एका संस्थेचा सचिव

कागदपत्रांविषयी कुणीतरी लिहायला हवं.

मी वाणिज्य शाखेत शिकवलं, तरी हे मला आतून माहीत नव्हतं. महाराष्ट्रात विश्वस्त बदलले की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, धर्मादाय आयुक्त कार्यालयात दाखल करावी लागते. आमच्या संस्थेने मागच्या दोन निवडणुकांचे रिपोर्ट भरलेच नव्हते. म्हणजे आम्ही सगळे काम करत होतो, पण परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांच्या सरकारी नोंदीत, जुनीच नावं, त्यातले दोघे वारलेले. बँकेने सह्या बदलून द्यायला नकार दिला. खात्यात देणगीदारांचे पैसे असून पुस्तकं घेता येईनात. विलंब माफीचा अर्ज, जुन्या सभांची इतिवृत्तं, मृत्यूचे दाखले, राजीनाम्यांच्या प्रती. वर्ष गेलं. त्या वर्षात वाचनालय मी आणि दोन सहकाऱ्यांनी पदरचे पैसे घालून चालू ठेवलं.

पद स्वीकारण्याआधी चार गोष्टी मागून बघा. परिशिष्ट एकचा ताजा उतारा, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, संस्थेला आणि देणगीदारांना करसवलत देणाऱ्या, १२-अ आणि ८०-जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राप्तिकर नोंदणीची मुदत, आणि इतिवृत्ताची मूळ वही. मागताना संकोच वाटतो, समोरची माणसं ओळखीची असतात. तरी मागा. ज्या संस्थेतली माणसं चांगली आहेत तिथे कुणाला राग येत नाही.

डहाणूजवळ, जिल्हा पालघर. डी.एड. कॉलेजात शिकवत असे

१९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी आमच्याच भागात बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे ते कोसबाडला गेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. हे मी कॉलेजात दरवर्षी शिकवलं. परीक्षेत प्रश्नही काढला.

आणि संस्थेचं काम हाती घेतल्यावर पहिली सूचना काय केली? चार पाड्यांचे चार छोटे वर्ग बंद करून एक चांगलं मोठं केंद्र करू. खर्च वाचेल, देखरेख सोपी होईल. आमच्या मदतनीस बाई वारली या आदिवासी समाजातल्या, शिक्षण चौथी. त्या फक्त म्हणाल्या, "मधी ओहोळ हाय, बाई." पावसाळ्यात चार वर्षांचं मूल तो ओहोळ कसा ओलांडेल? त्या दिवशी मी केंद्राचा प्रस्ताव मागे घेतला. आता त्या समितीवर सदस्य आहेत. मुलांशी त्या वारली भाषेत बोलतात, मी त्यांच्याकडून शिकते. वयामुळे जीभ नीट वळत नाही, पण मुलं समजून घेतात.

न्यू जर्सी, अमेरिका. आधी पुण्यात बारा वर्षं शिक्षिका

आमची रविवारची मराठी शाळा. एका सरकारी शाळेचे वर्ग भाड्याने घेतो, विम्याचा कागद आधी द्यावा लागतो, खडूसुद्धा आपला न्यायचा आणि फळा होता तसा पुसून ठेवायचा. सगळे शिक्षक स्वयंसेवक, म्हणजे मुलांचेच आई-बाबा. कुणी संगणकात, कुणी औषध कंपनीत. शिकवण्याचं शिक्षण घेतलेली मी एकटी, म्हणून मुख्याध्यापक केलं.

मी पुण्याची दुसरी-तिसरीची पद्धत घेऊन गेले होते. मुलं "माझा पुस्तक", "ती आला" म्हणायची आणि मी दरवेळी दुरुस्त करायचे. एक नऊ वर्षांचा मुलगा तीन रविवार बोललाच नाही. त्याच्या आईने सांगितलं, तो घरीही आता इंग्रजीतच उत्तर देतो, म्हणतो माझं मराठी चुकीचं आहे. मला रडू आलं. ज्या मुलाची मराठी टिकावी म्हणून आम्ही रविवारची झोप सोडतो, त्याची मराठी मी बंद केली होती. त्यानंतर नियम केला. बोलताना अडवायचं नाही, तेच वाक्य आपण बरोबर करून पुढे बोलायचं. "हो का, तुझं पुस्तक कुठे आहे?" इतकंच. वर्गही वयावर न करता किती बोलता येतं त्यावर केले. दहा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्यांबरोबर बसवल्याने काही पालक दुखावले, तो प्रश्न अजून सुटलेला नाही. कुणाकडे उपाय असेल तर कळवा.

यवतमाळ. शिक्षिका नाही, कार्यकर्ती आहे, वय २६

मी दुसऱ्या बाजूने लिहू का? आमच्या संस्थेत तीन वर्षांपूर्वी एक निवृत्त मुख्याध्यापिका अध्यक्ष म्हणून आल्या. आम्ही धास्तावलो होतो. बाई पहिले दोन महिने प्रत्येक वर्गात मागे सतरंजीवर बसल्या. वही नाही, पेन नाही. मग एकेकीला घरी जेवायला बोलावलं आणि विचारलं, "तुला या कामात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" मी म्हटलं, प्रवासाचा. माझे महिन्याचे दीड हजार एसटीत जायचे आणि कुणी कधी विचारलं नव्हतं. पुढच्या बैठकीत प्रवासखर्च मंजूर झाला. तो आधीपासून अंदाजपत्रकात होता, वापरलाच जात नव्हता.

एक अडचणही सांगते, मनात राग नाही. बाई बैठकीत असल्या की आम्ही त्यांच्याविरुद्ध बोलत नाही. त्या शंभर वेळा म्हणतात बोला, पण आमच्यातल्या दोघी त्यांच्याच शाळेत शिकल्यात. बाईंसमोर तोंड कसं उघडणार? आता महिन्यातली एक बैठक बाई नसताना होते आणि ठरलेलं त्यांना लिहून कळवतो. ही कल्पना बाईंचीच.

रत्नागिरी. निवृत्त शिक्षक

सहा वर्षं अध्यक्ष होतो, मागच्या वर्षी सोडलं. डोळे साथ देईनात हे कारण सगळ्यांना सांगितलं, ते खरंही आहे. पण ज्या मुलाला मी माझ्या जागी तयार केला, तो आता माझ्यापेक्षा बरं करतो हे दिसत होतं. सोडल्यावर तीन महिने फार जड गेले. सकाळी उठून पिशवी भरायचो आणि मग आठवायचं. आता गुरुवारी गोष्ट सांगायला जातो, तेवढंच.

धागा सुरू करणारी

सगळ्यांचं दोनदा वाचलं. सांगलीच्या सरांची यादी घेऊन उद्या हिशेबनिसांकडे जाते आहे. यवतमाळच्या ताई, तुमचा प्रवासखर्च वाचून मी आमचं अंदाजपत्रक काढलं. आमच्याकडे ती ओळच नाही. या महिन्यात घालते.

बीडच्या गुरुजींना एक विचारायचं होतं. आमच्या वस्तीतही निम्मी मुलं आजीजवळ आहेत, आई-वडील वीटभट्टीवर. मी पालकसभा शनिवारी चारला शाळेत घेते, आज्या येत नाहीत. तुम्ही किती वाजता आणि कुठे घेता?

शिरूर कासारचे मुख्याध्यापक

ताई, शाळेत नका बोलावू. शाळेच्या पायरीवर आज्या अवघडतात, त्यांना तिथे कधी कुणी बसवलेलंच नाही. आम्ही शेळ्या बांधून झाल्यावर, साधारण साडेसातला, मारुतीच्या पारावर बसतो. वेळ त्यांनीच सांगितलेली आहे. मी खुर्ची घेत नाही. पहिल्या दोन वेळा शिक्षणाचा विषय काढू नका, गुडघ्यांचं आणि रेशनचं ऐकून घ्या. तिसऱ्या वेळी आज्या आपणहून नातवाचं बोलायला लागतात.