वाडीतल्या शाळेत दुसरीला एकटाच मुलगा. पुढे नडेल का?

राजापूरकर:
घरची हापूसची कलमं आहेत, त्यामुळे गाव सोडायचं नाही. मुलगा दुसरीत गेलाय. वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेचा पट सात, दुसरीत हा एकटा. मी इथेच शिकलो तेव्हा पट पन्नासाच्या वर होता. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ला 16.97 लाख होती, 2011 ला 16.15 लाख झाली. आकड्यात घट थोडी दिसते, पण आमच्या वाडीतून मुंबईला गेले ते नेमके पंचविशी-तिशीतले. त्यांची पोरं आज या शाळेत असती.

गुरुजी जीव ओतून शिकवतात. वाचन खणखणीत, पाढे पक्के. पण वर्गात याच्याआधी कोणी उत्तर देत नाही, याच्यासमोर कोणी चुकत नाही. गणपतीत चाकरमान्यांची पोरं खळ्यात लगोरी मांडतात, हा पडवीतल्या खांबाला धरून उभा. कितीही हाका मारा, उतरत नाही. मोठेपणी चारचौघांत वावरताना हे नडेल का? तालुक्याला खोली घेऊन शिकवावं का?

दिवा पूर्व:
दादा, मी याच्या अगदी उलट वाढले. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 36 टक्क्यांनी वाढली. आमची शाळा दोन पाळ्यांत भरायची, बाकावर चौघी. अपूर्णांक कळले नाहीत, आणि विचारायला बाईंपर्यंत पोचताच यायचं नाही. पुढे नर्सिंगला औषधाचं प्रमाण काढताना ते अपूर्णांक आडवे आले. कोणाशीही बोलायची भीड मात्र कधी वाटली नाही. भीड नंतरही मोडते हो, पाया राहिला की राहिला. काढू नका त्याला.

मास्तर, लांजा:
पाया महत्त्वाचा हे खरं, पण भीड आपोआप मोडते असं मला वाटत नाही. माझी शाळाही अशीच लहान. दुसरीतल्याला पहिलीच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवायला बसवा. शिवाय केंद्रप्रमुखांशी बोलून शेजारच्या शाळेबरोबर शनिवारी खेळ ठेवा. पट सात म्हणजे कबड्डीचा एकच संघ, समोर कोणीतरी हवंच ना! आणि शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक मिळायला हवेत. एकच असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने मागणी करा.

राजापूरकर:
गुरुजी एकटेच आहेत. पुढच्या सभेत ठराव मांडतो. पलीकडच्या वाडीला जायचा साकव पावसात पाण्याखाली असतो, त्यामुळे शनिवारचे खेळ दिवाळीनंतर सुरू करू.