एकांत कोठडी : न्यायालयाची मर्यादा आणि तुरुंगाची मर्यादा

प्रश्न
सक्तमजुरीच्या शिक्षेबरोबरच काही काळ एकांत कोठडीत ठेवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, असे भारतीय न्याय संहिता वाचताना लक्षात आले. त्याची कमाल मुदत किती असते? आणि फाशी सुनावलेल्या कैद्याला, अपील प्रलंबित असतानाही, तुरुंग प्रशासन स्वतःच्या अधिकारात इतरांपासून तोडून ठेवू शकते का?

पहिले उत्तर
कलम ११ नुसार एकूण मर्यादा तीन महिन्यांची आहे. मूळ शिक्षा सहा महिन्यांपर्यंत असेल तर एक महिना आणि त्यापुढे वर्षापर्यंत असेल तर दोन महिने. ही मुदत सलग भोगायला लावता येत नाही. कलम १२ प्रमाणे एका वेळी १४ दिवसांहून अधिक नाही, मध्ये किमान तेवढाच खंड हवा, आणि मूळ शिक्षा तीन महिन्यांहून मोठी असेल तर महिन्यात सात दिवसांच्या वर जाता येत नाही. विधी आयोगाने १९७१ मध्येच ही शिक्षा रद्द करण्याची शिफारस केली होती. तरीही दंड संहितेतील ७३ व ७४ ही कलमे नव्या संहितेत जवळपास जशीच्या तशी आली, याचे मला दुःख वाटते.

दुसरे उत्तर
फाशीच्या कैद्याबाबत सुनील बत्रा खटल्यातील १९७८ चा घटनापीठाचा निर्णय पाहावा. १८९४ च्या कारागृह अधिनियमातील कलम ३० चा आधार घेऊन तिहारमध्ये बत्रा यांना वेगळे ठेवले होते. ते कलम एकांतवासाची परवानगी देत नाही, आणि अपील व दयेचा अर्ज हे सर्व मार्ग संपून शिक्षा अंमलबजावणीयोग्य होईपर्यंत ते लागूच होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात हेच पुन्हा सांगितले गेले.

तिसरे उत्तर
खरी अडचण ‘सुरक्षेसाठी वेगळे ठेवले’ या कारणाची आहे, कारण तिथे न्यायालयाचा आदेश नसतो आणि दिवस कोणी मोजत नाही. बत्रा यांच्याच दुसऱ्या प्रकरणात, एका सहकैद्याचा तुरुंगात छळ झाल्याविषयी त्यांनी लिहिलेल्या पत्रावरून, सर्वोच्च न्यायालयाने सत्र न्यायाधीशांच्या पडताळणीशिवाय एकांत कोठडी देऊ नये आणि तातडी असल्यास दोन दिवसांत त्यांना कळवावे, असे बजावले. म्हणून नातेवाइकांनी जिल्हा सत्र न्यायाधीशांकडे लेखी अर्ज करावा आणि कैद्याला कोणत्या तारखेपासून व कोणाच्या आदेशाने वेगळे ठेवले आहे, याची माहिती मागावी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो विनामूल्य देते.