आधी कार्ड, मग गृहकर्ज

जुळ्या बाळांचा खर्च, गृहकर्ज आणि कार्डाची थकबाकी एका पगारात कशी भागवायची, या प्रश्नावर एकांनी सुचवलंय की हातात येईल तो पैसा गृहकर्जात टाका. मला नाही पटत. जुळी बाळं, एकच पगार आणि क्रेडिट कार्डची थकबाकी असेल तर आधी कार्डाच्या मागे लागा. गृहकर्ज साधारण आठ-नऊ टक्क्यांनी असतं, कार्डाचं व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांच्या घरात जातं. नुसता 'मिनिमम ड्यू' (बिलातली किमान रक्कम) भरत राहिलात तर नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणजे डायपरही व्याजाने! कार्ड फिटेपर्यंत किराणा रोखीने आणा.

लसींचं म्हणाल तर सरकारी आरोग्य केंद्रात जा. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), रोटाव्हायरस (जुलाबांवरची), पीसीव्ही (न्यूमोनियावरची) या खाजगीत खिसा कापणाऱ्या लसी तिथे फुकट मिळतात. पीसीव्ही २०२१ पासून देशभर सुरू झाली. फ्लू वगैरेच्या लसी या फुकट लसींच्या यादीत नाहीत, त्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

डायपर फक्त रात्री आणि बाहेर जाताना. दिवसा जुन्या सुती साडीची लंगोटं. पावसाळ्यात वाळत नाहीत, घरभर दोऱ्या होतात, हे मान्य. आणि डबाबंद सिरीयल कशाला? सहा महिन्यांनंतर नाचणीला मोड आणून, सावलीत वाळवून, मंद भाजून दळा आणि पीठ वस्त्रगाळ करा. दोन चमचे पिठाची वाटीभर पेज होते. गुठळ्या नकोत तर पीठ आधी गार पाण्यात कालवा.

बाळाच्या दुधाच्या पावडरीत (फॉर्म्युला) मात्र काटकसर नको. ठरलेल्या मापापेक्षा पाणी अजिबात वाढवू नका.