रात्रीच्या ट्रेनमध्ये बॅगा कशा सांभाळता?

रात्रभराचा प्रवास आहे, एकटीच आहे, एक मोठी बॅग आणि एक सॅक. बर्थ वरचा मिळालाय, मग मोठी बॅग सीटखाली ठेवली तर मला झोप लागणार नाही, वर घेतली तर पाय कुठे पसरू? शिवाय सकाळी उतरल्यावर संध्याकाळपर्यंत ती कुठे ठेवायची?

> मोठी खालीच ठेवा, चेन लावून. पण चेन नुसत्या वरच्या हँडलमधून नको, दोन हँडलमधून ओवा. मी चेनला जुना मोजा घालतो नाहीतर रात्रभर खणखण, खालचे लोक शिव्या घालतात 😄 आणि झिपला कुलूप लावलं म्हणजे झालं असं नाही हां, साध्या बॉलपेनच्या टोकाने झिप मधूनच उघडते, म्हणून पैसे, कागदपत्रं, औषधं सॅकमध्ये आणि सॅक डोक्याखाली, पट्टा हातात अडकवून.

> +१. जास्त लक्ष गाडी स्टेशनातून सुटताना ठेवा, माणूस बॅग उचलून उतरतो तोवर गाडी हललेली असते. दाराजवळच्या बर्थला तर जास्तच. फोन चार्जिंगला लावून झोपू नका, माझा असाच गेलाय.

> दिवसा क्लोकरूम किंवा लॉकर बघा. बऱ्याच ठिकाणी कुलूप नसलेली बॅग घेतच नाहीत. पावतीचा फोटो काढा आणि बंद व्हायची वेळ आधी विचारा, मी एकदा अर्धा तास उशिरा पोचलो आणि गाडी डोळ्यांदेखत गेली.

मोज्याची आयडिया भारी आहे, आजच शोधते एक फाटका!