मदत हवी आहे: डिबेटच्या सबटायटलमधला एक शब्द

२०१७ च्या जून महिन्यात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या सहाव्या काँग्रेस (म्हणजे इथली संसद) मतदारसंघाची पोटनिवडणूक होती, तेव्हा उमेदवार जॉन ऑसॉफ (डेमोक्रॅट) आणि कॅरेन हँडल (रिपब्लिकन) यांची टीव्हीवर डिबेट झाली होती, तिला मी मराठी सबटायटल लावतोय. आमच्या मंडळातल्या आईबाबा मंडळींना इथली निवडणूक समजावी म्हणून, त्यामुळे कोण बरोबर हा वाद इथे नको प्लीज.

अडलंय ते मिनिमम वेजच्या प्रश्नावर. ऑसॉफ लिव्हेबल वेजच्या बाजूने बोलतात, हँडल सरळ सांगतात की लिव्हेबल वेजला माझा पाठिंबा नाही. अख्खी मेख त्या एका शब्दात आहे! मिनिमम म्हणजे कायद्याने ठरलेला तासाचा दर (केंद्राचा २००९ पासून ७.२५ डॉलर), ते 'किमान वेतन' झालं. पण लिव्हेबलला 'निर्वाह वेतन' लिहिलं तर बाबांना ते निर्वाह भत्त्यासारखं वाटलं, 'जगण्यापुरता पगार' केलं तर उलट कमीच वाटतो, आणि 'घर चालेल इतका पगार' अर्थाला बरोबर आहे पण लांब होतं, वाक्य स्क्रीनवर जेमतेम तीन सेकंद असतं.

इंग्रजी शब्द तसाच ठेवायचा नाहीये. किमान वेतनापेक्षा वेगळा आहे हे ऐकताक्षणी कळेल असा दोन शब्दांचा मराठी पर्याय कुणाला सुचतोय का?